लिहिणाऱ्याची पाठ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी वहीपूजन होते. वास्तविक आमच्या घरात व्यापार कोणी केला नाही. आजोबा एका अडतीच्या पेढीवर दिवाणजी होते. पुढे ती पेढी गेली, आजोबाही गेले. पण त्यांनी पाडलेली चाल कोणी मोडली नाही. पाटावर लाल वस्त्र अंथरायचे, त्यावर कोरी वही, दौत आणि टाक मांडायचा, पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा आणि हळदकुंकू वाहायचे. गेली काही वर्षे त्या पाटावर सूनबाईचा लॅपटॉपही येऊन बसतो. “बाबा, माझी वही हीच,” असे ती पहिल्या वर्षी म्हणाली, आणि त्यावर हरकत घेण्यासारखे मला काही सुचले नाही.

गेल्या दिवाळीत मात्र सूनबाई चकल्या पाडायला बसली आणि दुसऱ्या घाण्यालाच तिने सोऱ्या खाली ठेवला. उजव्या हाताची बोटे बधिर होत होती. मानेपासून कोपरापर्यंत कळ जात होती. दोन महिने हे चालले होते आणि तिने कोणाला सांगितले नव्हते. भाऊबीज झाल्यावर तिला डॉक्टरांकडे नेले. आता तपासण्यांची लांबलचक यादी मिळणार, या तयारीने मी बसलो होतो. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो असा : “तुम्ही काम काय करता? आणि कुठे बसून करता?”

काम संगणकावर, दिवसाचे नऊ तास, बसायचे जेवणाच्या टेबलाशी. डॉक्टरांनी मान डोलावली. निम्मे निदान त्या उत्तरातच झाले असावे.

घरी आल्यावर मला आजोबा आठवले. मांडी घालून बसून बसून त्यांच्या घोट्यावर घट्टा पडला होता. मान अशी वाकली होती की रस्त्याने चालतानाही ते खतावणी वाचीत असल्यासारखे दिसत. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. वहीची पूजा होते, दौतीची होते, टाकाची होते. लिहिणाऱ्याच्या पाठीचा विचार जगात कोणी, केव्हा केला? हे कुतूहल घेऊन मी पुस्तके चाळू लागलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

*

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एका इजिप्शियन लेखनिकाचा रंगीत चुनखडीचा पुतळा आहे. इ. स. १८५० साली सक्कारा येथे तो सापडला. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा गृहस्थ मांडी घालून, मांडीवर पपायरसची गुंडाळी उलगडून बसला आहे. अंगावर सदरा आणि डोक्यावर टोपी चढवली तर आमच्याकडच्या एखाद्या जुन्या पेढीवर तो सहज खपून गेला असता. त्या काळात लेखनिकाला मोठा मान. शेतात राबावे लागत नाही, सैन्यात जावे लागत नाही; असा सुखाचा धंदा दुसरा नाही, अशीच समजूत होती.

ही समजूत हाडांनी खोडून काढली. चेक संशोधकांनी अबुसीर येथील थडग्यांतल्या ६९ पुरुषांचे सांगाडे तपासले आणि २०२४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी तीस जण लेखनिक होते. इतरांच्या तुलनेने या तिसांच्या सांध्यांची झीज अधिक आढळली, आणि तीही विशिष्ट जागी : मान, उजवा खांदा, उजव्या हाताचा अंगठा, गुडघा आणि जबडा. जबडा कशाने, असे कोणी विचारील. लेखणीसाठी बोरूचे टोक चावून चावून त्याचा कुंचला करावा लागे, त्याचा हा परिणाम असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. चार हजार वर्षांनी त्या कारकुनांची तक्रार अशी दफ्तरी दाखल झाली!

आपल्याकडच्या लेखनिकांनी मात्र आपली तक्रार स्वतःच नोंदवून ठेवली आहे. जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटच्या पानावर एक संस्कृत श्लोक वारंवार आढळतो. त्याचा भावार्थ असा की, पाठ, कंबर आणि मान मोडून घेऊन, नजर एका जागी खिळवून, तोंड खाली घालून मोठ्या कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे. तरी तो जिवापाड जपावा. देवाधर्माच्या पोथीच्या अखेरीस हा एका माणसाच्या कंबरेचा उल्लेख यावा, याची मला मोठी गंमत वाटली आणि थोडा गहिवरही आला. युरोपातल्या मठांतून ग्रंथांच्या नकला करणारे जोगीही हेच म्हणत : लिहितात तीन बोटे, पण शिणते सगळे शरीर. दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. पाठदुखी मात्र दोघांची एकच.

समर्थ रामदासांची दृष्टी इथेही पोचली होती. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. त्यात समर्थ बजावतात की, तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये; म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, म्हणून अक्षर मध्यम असावे. डोळ्यांचा एवढा विचार त्या काळी झाला होता! मोडी लिपीतही हाताची सोय पाहिलेली दिसते. परंपरा तिचे श्रेय हेमाडपंताला देते. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात फारसा न उचलता खाली अक्षरे लिहीत जायची. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली लक्षावधी कागदपत्रे अशाच हातांनी लिहिली. त्या कागदांवरून अटकेपासून तंजावरपर्यंतचा इतिहास आपण काढला. ते लिहिणाऱ्यांच्या पाठींचा इतिहास मात्र कोणी काढला नाही.

*

हा इतिहास काढण्याचा मान इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याकडे जातो. १६३३ साली जन्मलेला हा वैद्य मोदेना येथे अध्यापन करी; पुढे तो पादुआच्या विद्यापीठात गेला. एकदा त्याच्या घरचा मैलाखड्डा उपसण्याचे काम चालले होते. उपसणारा माणूस जिवाच्या आकांताने घाई करीत होता. रामाझिनीने कारण विचारले. या खड्ड्यात अधिक वेळ थांबले की डोळे जातात, असे त्या माणसाने सांगितले. हे ऐकून रामाझिनी गप्प बसला नाही. तो कुंभारांकडे गेला, खाणकामगारांकडे गेला, विणकरांकडे गेला, आणि १७०० साली ‘कारागिरांचे रोग’ या विषयावर त्याने आपला प्रसिद्ध लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. रोग्याला विचारावयाच्या प्रश्नांची जी यादी हिपॉक्रेटिसपासून चालत आली होती, तीत त्याने एका प्रश्नाची भर घातली : तुझा धंदा कोणता? आमच्या डॉक्टरांनी सूनबाईला विचारला तो हाच प्रश्न.

१७१३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत रामाझिनीने लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली. पहिले, सतत एका जागी बसणे. दुसरे, हाताची तीच ती हालचाल अखंड करीत राहणे. तिसरे, चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. बिचाऱ्याने नेट धरून डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला; काही काळाने डावाही तसाच झाला.

बैठक, हात आणि मन! पुढची तीनशे वर्षे शहाण्यासुरत्या लोकांनी या तिहींपैकी एकेकट्याचाच पिच्छा पुरविला, आणि दर वेळी उरलेल्या दोघांनी त्यांना दगा दिला. या साऱ्या इतिहासाचे सार मला तरी एवढेच दिसते.

*

प्रथम बैठकीचे पाहू. पूर्वीचा विलायती कारकून उंच तिवईवर, उतरत्या मेजाशी बसे. एकोणिसाव्या शतकात कचेऱ्या वाढल्या, तशी खुर्चीवर कारागिरांची बुद्धी चालू लागली. १८४९ साली अमेरिकेत टॉमस वॉरन याने स्प्रिंगांवर डुलणारी, गरगर फिरणारी खुर्ची काढली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती झळकली. चार्ल्स डार्विनने तर आपल्या अभ्यासिकेतल्या खुर्चीला चाके बसवून घेतली होती.

पण खुर्ची माणसासाठी की माणूस खुर्चीसाठी, हा वाद मिटला नव्हता. फ्रँक लॉइड राइट हा अमेरिकेचा थोर वास्तुशिल्पी. रॅसीन गावच्या एका कंपनीची कचेरी त्याने १९३९ साली पुरी केली आणि तिच्यासाठी तीन पायांची खुर्ची योजली. दोन्ही पाय जमिनीला टेकवून ताठ बसले तर खुर्ची उभी. जरा कलले की बसणारा जमिनीवर! ताठ बसण्याची शिस्त लावणारी ही खुर्ची खुद्द राइटलाच घेऊन पडली, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, पुढे तिला चौथा पाय जोडावा लागला एवढे निश्चित. शाळेत पंतोजी ‘ताठ बस’ म्हणून पाठीत धपाटा घालीत, त्याचेच हे लाकडी-लोखंडी रूप नव्हे काय?

ताठ बसणे म्हणजे उत्तम बसणे, ही समजूत शास्त्रज्ञांनी तपासायला घेतली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन याने १९६० च्या सुमारास मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिच्यावरचा दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराविना बसण्यात तो अधिक भरला. पाठीला टेकू देऊन मागे रेलल्यावर तो कमी झाला. १९९९ साली जर्मनीत उल्म येथे एका स्वयंसेवकावर असाच प्रयोग झाला. त्यात सैल बसलेल्या माणसाच्या चकतीवरचा दाब उभ्या माणसापेक्षा काही अधिक आढळला नाही, आणि खुर्चीत ऐसपैस रेलल्यावर तर तो बराच उतरला. स्वित्झर्लंडच्या एतिएन ग्रांजां याने संगणकावर काम करणाऱ्यांना खुर्ची-टेबल आपल्या मनाप्रमाणे लावून घ्यायला सांगितले. बहुतेकांनी काटकोन पत्करला नाही. ते शंभर ते एकशे दहा अंशांच्या आसपास मागे कलून बसले. पंतोजींचा धपाटा वाया गेला म्हणायचा!

*

आता हाताचे. पोलादी टाक आले तशी लेखनिकांच्या हाताला पेटके येण्याची तक्रार वाढली आणि दोष टाकाला गेला. मग तारयंत्र आले. तारेची कळ दिवसभर खटखटवणाऱ्यांचे हात आखडू लागले. ब्रिटनने १९०८ साली या दुखण्याचा समावेश भरपाई देण्याजोग्या रोगांत केला. त्याची चौकशी करणाऱ्या समितीने १९११ साली जो अहवाल दिला, त्यात एकीकडे वारंवार येणारा थकवा आणि दुसरीकडे कामगाराच्या स्वभावातला चंचलपणा अशी दोन कारणे जोडीने सांगितली. म्हणजे थोडा दोष यंत्राचा, थोडा माणसाचा!

टंकलेखन यंत्राचा शोध अमेरिकेच्या शोल्सचा. त्याचे पेटंट १८६८ चे आणि रेमिंग्टन कंपनीचे यंत्र बाजारात आले ते १८७४ साली. आपल्याकडे गोदरेजने देशी बनावटीचे यंत्र १९५५ साली काढले. गावोगावच्या टंकलेखनाच्या वर्गांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी त्याच्या खडखडाटावर संसार उभे केले. त्या यंत्राला बोटांचा जोर फार लागे. पण त्याने एक दयाही केली होती. ओळ संपली की घंटी वाजे आणि हात उचलून गाडा मागे सारावा लागे. पान संपले की कागद काढा, कार्बन लावा, नवा कागद चढवा. चूक झाली की खोडा. ही सक्तीची विश्रांती कोणी मुद्दाम ठेवली नव्हती. यंत्राच्या उणेपणातून ती आपसूक मिळाली होती. संगणकाने हा उणेपणा दूर केला आणि त्याबरोबर ती विश्रांतीही नेली.

येथे एका नव्या शास्त्राचे नाव घेतले पाहिजे. ‘अर्गोनॉमिक्स’ हा शब्द पोलंडच्या यास्त्शेम्बोव्स्की नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने १८५७ साली ग्रीक भाषेतून घडविला. त्याचा अर्थ कामाचे नियम. शब्द विस्मृतीत गेला आणि १९४९ साली ब्रिटनमध्ये पुन्हा जन्माला आला. मधल्या महायुद्धाने एक धडा दिला होता. अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरत आणि मग वैमानिकच चुकून त्यांची चाके आत ओढून घेत. अल्फॉन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तो चाकांचा आणि पंखपट्ट्यांचा दांडा शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे! त्याने एकाच्या टोकाला चाकाचा आकार आणि दुसऱ्याला पट्टीचा आकार दिला, आणि चूक थांबली. माणसाला कामाच्या साच्यात कोंबू नका, काम माणसाच्या मापाने बेता, हे या शास्त्राचे ब्रीद झाले.

*

तिसरे कारण मन. त्याची आठवण ऑस्ट्रेलियाने करून दिली. कचेऱ्यांत संगणकाचे कळफलक येऊ लागले तेव्हा, १९८१ ते १९८५ या पाच वर्षांत, तिथल्या टेलिकॉम खात्यात हातदुखीच्या जवळजवळ चार हजार तक्रारी नोंदल्या गेल्या. साऱ्या देशात खळबळ उडाली. नव्या खुर्च्या आल्या, टेबले आली. पण आकडे मांडले तेव्हा एक नवल दिसले. कळा बडवण्याचेच ज्यांचे काम, त्या तारायंत्रवाल्यांत तक्रारी अगदी कमी होत्या. सर्वांत अधिक होत्या त्या टेलिफोन जोडून देणाऱ्यांत. केवळ बोटांच्या हिशेबाने हे कोडे सुटेना. कामाचा वेग कोण ठरवतो, मध्ये उठता येते की नाही, वरिष्ठाची नजर किती कडक आहे, हेही मोजावे लागणार होते. मग काही लोक दुसऱ्या टोकाला गेले आणि दुखणे सगळे मनाचेच म्हणू लागले. ज्याचा हात दुखत होता त्याला दोन्ही पक्षांचा सारखाच उपयोग झाला! रामाझिनीने तिन्ही कारणे एकत्र सांगितली होती, ती उगीच नव्हे.

युरोपीय देशांनी या गोंधळातून काढता येईल तेवढे शहाणपण काढले आणि मे १९९० मध्ये पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी एक आदेश काढला. खुर्ची खालीवर करता यावी, कळफलक पडद्यापासून सुटा असावा, डोळ्यांची तपासणी व्हावी, कामात मधूनमधून खंड पडावा, अशी कलमे त्यात आहेत.

यातले ‘कळफलक सुटा असावा’ हे कलम वाचकांनी ध्यानात घ्यावे. पडदा डोळ्यांसमोर हवा आणि हात कोपराच्या उंचीवर हवेत. दोन्ही एकाच फळीला जोडले की एकाचे भले करताना दुसऱ्याचे वाईट होते. हात सुखात ठेवावे तर मान वाकते, मान सरळ करावी तर खांदे वर चढतात. जे मोठ्या वादविवादानंतर वेगळे केले होते, ते लॅपटॉपने पुन्हा बिजागरीने जोडून टाकले. मार्च २०२० मध्ये महामारीच्या टाळेबंदीत कचेऱ्या घरी आल्या, तेव्हा लक्षावधी लोक हे जोडयंत्र घेऊन जेवणाच्या टेबलाशी, पलंगावर, स्वयंपाकघराच्या कट्ट्याशी कामाला बसले. आमची सूनबाई त्यांतलीच एक. इजिप्तच्या लेखनिकाची मान आणि सूनबाईची मान यांच्यामध्ये साडेचार हजार वर्षे गेली. कोन मात्र तोच राहिला.

*

डॉक्टरांनी व्यायाम दिले, काही दिवस हाताला विश्रांती दिली आणि बैठक बदलायला सांगितली. मुलगा भारी खुर्ची आणायला निघाला होता. खुर्ची चांगली असावी हे खरेच. पण ती कोणाच्या मापाची, हेही पाहावे लागते. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतर्फे देबकुमार चक्रवर्ती यांनी १९९७ साली भारतीय शरीरमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले, ते याचसाठी. परक्या मापाच्या खुर्चीत ठेंगण्या माणसाचे पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते. खुर्ची खाली घ्यावी तर टेबल छातीशी येते.

आम्ही घरातल्या घरात उपाय केला. खुर्ची उंच करून पायाखाली पाट दिला. कमरेमागे लहान लोड लावला. कळफलक आणि माऊस वेगळे आणले. कोपर अंगाशी आणि मनगट सरळ राहील असे ठेवले. लॅपटॉप उचलून त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि पडदा हातभर अंतरावर आणला. खिडकी पाठीमागून बाजूला घेतली, म्हणजे उजेडाची तिरीप पडद्यावर येत नाही. हे सारे झाल्यावर सूनबाई म्हणाली, “बाबा, आता बरोबर बसलेय ना मी?”

मी म्हटले, “बरोबर बसली आहेस, आता अर्ध्या तासाने ऊठ.”

खरी मेख इथेच आहे. आपल्या भाषेत ‘बैठक’ हा गौरवाचा शब्द. ज्याची बैठक पक्की तो विद्वान, एका बैठकीत काम उरकले तो कर्तबगार. शरीराला ही स्तुती मान्य नाही. उत्तमातल्या उत्तम खुर्चीतही तासन् तास हालचाल न करणे त्याला सोसत नाही. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्याच्या जोडीला सुखही घातले आहे. आपण स्थैर्य तेवढे पाठ केले आणि सुख विसरलो. म्हणून आता आमच्या घरी ओळीअखेरच्या त्या घंटीचे काम मी करतो. दर अर्ध्या तासाने दारातून डोकावतो. ती उठते, पाणी पिते, खिडकीतून दूरचा गुलमोहर पाहते आणि परत बसते. प्रथम तिला संकोच वाटे; वरिष्ठ काय म्हणतील, अशी धास्ती असे. एके दिवशी तिने त्यांना स्पष्ट सांगून टाकले. बधिरपणा उतरायला पाच-सहा महिने लागले. पण मला विचाराल तर, औषधाचा पहिला गुण आला तो त्या सांगण्याच्या दिवशी.

परवा तिने पुन्हा सोऱ्या हाती घेतला. दोन घाणे काढले आणि तो नवऱ्याच्या हाती दिला. हीही एक सुधारणाच समजावयाची.

लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीला आणला म्हणून सांगितले. तो कशावर, ते सांगायचे राहिलेच. माळ्यावर माझे जुने दिवाळी अंक होते. रद्दीत घालण्यावरून घरात दरवर्षी वाद होई. त्यांतले नेमके सात अंक एकावर एक रचले, तेव्हा सूनबाईच्या मानेचे माप जुळले. यंदा वहीपूजनाला लॅपटॉप पाटावर येईल तो या सात अंकांसह येईल, आणि हळदकुंकू वाहून झाल्यावर मी सूनबाईला सांगणार आहे की आता पाच मिनिटे पाठ टेकून बस. हा अंक आठवा. वाचून झाल्यावर तोही उपयोगी पडावा.